खनिज, चिरा आणि ट्रकचा पत्रा

माझ्या मामांच्या ट्रकने डिचोलीच्या खाणींवरून वर्षानुवर्षं खनिज ओढलं. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा त्यांनी तो मोरजीला घरी आणला आणि जांभ्या दगडाचे चिरे वाहायला लावला. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गेल्या थंडीत आम्ही दोघांनी मिळून तो अंगणातच रंगवला. काम करताना एक गोष्ट माझ्या मनात ठसली: खनिज लाल, चिरा लाल, पत्र्यावरचा गंज लाल आणि त्यावर मारायचा प्रायमरही लाल. चौघांचं कूळ एकच, लोखंड आणि ऑक्सिजन.

भट्टीत कोळसा खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, तेव्हा कुठे लोखंड हाती लागतं. पाणी आणि हवा मिळाली की ते परत ऑक्सिजनला जाऊन मिळतं. या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. म्हणून तो फुगतो, वरचा रंग उचलतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचा ताजा पत्रा पुन्हा उघडा पडतो. प्रायमरमधलं रेड ऑक्साइड मात्र आधीच ऑक्सिजनने तृप्त असतं, त्याला आणखी गंजायचं उरलेलं नसतं. पण रेड ऑक्साइड गंज मारतं, हा समज खोटा आहे. ते फक्त पाण्याची वाट अडवतं, आणि तेही पत्रा स्वच्छ असेल तरच.

हे आम्ही फटका खाऊन शिकलो. त्याआधी एकदा वायर ब्रश फिरवून, वरवर पुसून रंग मारला होता. दिवाळीला ट्रक नव्यासारखा झळकत होता. जुलैत दारांवर आणि मडगार्डवर मुगाएवढे फोड आले. एक नखाने फोडला, तर आतून पाण्याचा थेंब निघाला. रंगाच्या आत पाणी शिरलं कसं?

उत्तर लोणच्याच्या कैरीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, कारण मीठ पेशींच्या पडद्यातून पाणी बाहेर ओढतं. रंगाचा थरही तसाच पडदा असतो. तो डोळ्यांना घट्ट दिसतो, पण पाण्याचे रेणू त्यातून हळूहळू पाझरतात. खाली समुद्राच्या वाऱ्याने आणलेलं मीठ राहिलं असेल, तर ते पावसाचं पाणी आत ओढत राहतं आणि फोड येतो. पाऊस नसतानाही मीठ स्वस्थ बसत नाही. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलीच ओल शोषून पाझरू लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलावते, तेच. खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया असल्यामुळे तिला वेग येतो.

म्हणून या वेळी पॉलिश पेपर हातात घेण्याआधी सगळा पत्रा विहिरीच्या गोड्या पाण्याने आणि साबणाने दोनदा धुतला. आधी घासलं असतं, तर मीठ पत्र्याच्या खळग्यांत आणखी रुतलं असतं. तेलकटपणा गेला की नाही, हे पाणीच सांगतं. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब उभे राहिले तर तेल शिल्लक आहे. पाणी सलग पसरलं तर पत्रा तयार.

पेपर आम्ही ओलाच मारला. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाचं क्रोमेट असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाता कामा नये, विशेषतः अंगणात मुलं खेळत असतील तर. खोल खड्ड्यांतल्या न निघणाऱ्या गंजावर टॅनिक आम्लाचं द्रावण लावलं. तांबूस डाग बघता बघता निळसर काळा झाला. हिरडा आणि हिराकस मिसळून पोथ्यांची शाई करत, तिथेही लोखंड आणि टॅनिनचं हेच मीलन होतं.

मग वेळेचा प्रश्न. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव धरू लागतं त्या तापमानापेक्षा, किमान 3 अंश वर हवं. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली, तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. सावलीतला पत्रा 28 अंशांवर असेल, तर अंतर पुरेसं नाही. दुपारी 32 अंश आणि 55 टक्के झाले की तोच दवबिंदू 22 वर उतरतो. त्यामुळे सकाळी आठला डबा उघडायची मामांची घाई मी रोज थोपवून धरायचो. दहानंतर सुरुवात, चारला बंद.

साधा एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. जाड हात मारला की दुधावर साय धरावी तशी वरची बाजू आवळते, आतलं ओलंच राहतं आणि सुरकुत्या पडतात. म्हणून तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. गॅरेजमधला दोन डबे मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. घरी तो मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

मामांना निळा रंग हवा होता. रंग बदलला तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, म्हणून जुनाच ठेवला.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. मागच्या वेळी आम्ही ती पुट्टीने बुजवली होती आणि दारं आतूनच कुजली. आता पावसाळ्यात दर रविवारी मामा माडाचा हीर घेऊन बसतात आणि एकेक भोक मोकळं करतात.