हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंमधील भूपृष्ठावरील लघुतम अंतर आणि ते कापण्यास विमानाला लागणारा वेळ. संदर्भबिंदू म्हणजे विमानतळासाठी नेमून दिलेले एकच अक्षांश-रेखांश.

पृथ्वी गोल मानल्यास लघुतम मार्ग बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठावर आखलेल्या वर्तुळाच्या, कंसावरून जातो. तो काढण्याचे रूढ सूत्र हॅव्हरसाइनचे. ही संज्ञा जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये वापरली; जेम्स अँड्रू यांचे हॅव्हरसाइनचे तक्ते १८०५ चे असून काही इतिहासकार मेंदोसा इ रिओस यांच्या १८०१ च्या मांडणीकडे बोट दाखवतात. नाव इनमन यांचे, पण वापर त्यांच्याआधीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मूळ कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. हॅव्हरसाइन म्हणजे उत्क्रमज्येचा (१ मधून कोनाची कोज्या, म्हणजे कोसाइन, वजा केल्यावर उरणाऱ्या राशीचा) अर्धा भाग, आणि उत्क्रमज्या सूर्यसिद्धान्तात येते. त्या ग्रंथाचा काळ साधारणपणे इ. स. चौथे-पाचवे शतक धरतात. उपलब्ध पाठ मात्र नंतरचा असावा. हे सूत्र टिकले ते उपयुक्ततेमुळे. अंतर लहान असले की कोज्येची किंमत १ ला जवळजवळ चिकटते आणि तक्त्यातले शेवटचे अंक निरुपयोगी ठरतात. उत्क्रमज्येत तो नेमका फरकच हाती येतो.

पृथ्वी मात्र ध्रुवांपाशी चपटी आहे : विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१ किमी., ध्रुवीय ६,३५६.८ किमी. त्यामुळे गोलावरच्या हिशेबात सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. नॉर्वेतील ट्रॉम्सो (६९° ४१′ उ.) व स्वालबार्डवरील लाँगइयरब्येन (७८° १५′ उ.) हे विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर आहेत. अक्षांशांतील फरक ५१४ मिनिटे. एका मिनिटाला एक सागरी मैल, म्हणजे १९२९ मध्ये ठरलेले १,८५२ मी. धरले, तर ९५२ किमी. होतात. परंतु इतक्या उत्तरेला अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १,८६० मी. भरते आणि तेच अंतर ९५६ किमी. वर जाते. रेखांशांतला थोडा फरक मिळवला की एकूण ९६० किमी.च्या आसपास. अचूक गणनेसाठी थॅडियस व्हिन्सेंटी यांची १९७५ ची पद्धत वापरतात. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरील बिंदूंसाठी ती अडखळते.

उड्डाणकाल केवळ अंतराला वेगाने भागून निघत नाही. वेळापत्रकातील वेळ विमान थांब्यावरून हलल्यापासून पुन्हा थांब्यावर उभे राहीपर्यंतची असते, त्यामुळे जमिनीवर धावण्याची मिनिटेही तीत येतात. वाऱ्याचा परिणाम सर्वांत मोठा. चिलीतील सांतियागोहून ईस्टर बेटावरील मातावेरी सुमारे ३,७५० किमी. आहे, पश्चिमी वाऱ्यांविरुद्ध जाताना पाच तासांहून अधिक लागतात, परतताना त्याहून कमी. बेटाचे घड्याळ सांतियागोच्या दोन तास मागे असल्याने तिकिटावरील वेळांवरून हा फरक थेट कळत नाही.

मातावेरीजवळ पर्यायी विमानतळ नाही. अशा एकाकी विमानतळासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जेट विमानाजवळ गंतव्यावर पोहोचल्यावर दोन तास पुरेल एवढे इंधन, अंतिम राखीव (एरवी न वापरता शिल्लक ठेवायचे इंधन) धरून, असावे लागते. हे जादा वजन वाहण्यातही इंधन खर्ची पडते. वाटेत एक बिंदू येतो, जो ओलांडल्यावर मागे फिरणे शक्य नसते. म्हणून तेथे पोहोचण्याआधीच बेटावरील हवामानाची खात्री करून घेतात.