‘वेहल्मोनी’तला ‘वे’: कोरियन नातेशब्दांची पार्श्वभूमी

कोरियन शिकू लागलेल्या मराठी माणसाला आईची बहीण ‘ईमो’ आणि वडिलांची बहीण ‘कोमो’ हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण मावशी आणि आत्या त्याच्या घरातच असतात. थोरल्या भावाला मुलाने ‘ह्योंग’ व मुलीने ‘ओप्पा’ म्हणावे, थोरल्या बहिणीला मुलाने ‘नुना’ व मुलीने ‘ऑन्नी’ म्हणावे, हेही सरावाने जमते. अडते ते आजीपाशी. वडिलांची आई नुसती ‘हल्मोनी’, पण आईची आई ‘वेहल्मोनी’, आणि ‘वे’ म्हणजे बाहेरचा.

हा ‘वे’ चिनी शब्द आहे आणि पितृवंश हेच खरे घर मानणारी चिनी दृष्टी त्याच्यात आहे. कोरियातली घरे मात्र दीर्घकाळ तशी नव्हती. गोर्यो या आधीच्या राजवटीच्या काळात आणि 1392 मध्ये सुरू झालेल्या जोसॉन राजवटीच्या पहिल्या शतकांतही लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरी राहायला जाई आणि मुले आजोळीच वाढत. पुरुषाच्या लग्नासाठी आजही ‘छांगा कादा’, म्हणजे सासऱ्याच्या घरी जाणे, असेच म्हणतात. थोर विचारवंत यी ई यांचा जन्म 1536 मध्ये गांगनुंग येथील ओजुखॉन या वास्तूत झाला. ते त्यांची आई, चित्रकर्ती शिन साइमदांग, यांचे माहेर होते. आंदोंगच्या क्वोन घराण्याच्या 1476 च्या वंशावळीत मुलींची संततीही नोंदलेली आहे, आणि 1485 च्या ‘क्योंगुक देजॉन’ या राजसंहितेने वारशात मुलगा-मुलगी असा भेद केला नव्हता.

नाते मोजण्याची ‘छोन’ ही पद्धतही याच काळात रुजलेली दिसते. आईवडील आणि मूल यांच्यात 1 छोन, भावंडांत 2, काकाशी 3, चुलतभावाशी 4. ‘साम्छोन’ (काका) आणि ‘साछोन’ (चुलत भावंड) हे शब्द म्हणजे हे आकडेच आहेत. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण मामाही तितक्याच अंतरावर, 3 छोनांवर, असतो. त्याच्या नावाआधी ‘वे’ लागला तरी मोजणी बदलत नाही.

सतराव्या शतकापासून कन्फ्यूशियन कुलाचार घराघरांत कडक झाला, पितरांचे विधी आणि संपत्ती थोरल्या मुलाकडे एकवटली, वधू सासरी नांदू लागली आणि आजोळ खरोखरच ‘बाहेरचे’ झाले. पुढे जपानी अंमलात कुटुंबप्रमुखाची ‘होजू’ नोंदणी कायद्यात आली. 2005 मध्ये दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयाने ती घटनेशी विसंगत ठरवली आणि 1 जानेवारी 2008 पासून ती रद्द झाली.

शब्दांचा प्रश्न त्यानंतरही उरला. नवऱ्याच्या धाकट्या अविवाहित भावाला बायकोने ‘तोर्यन्निम’ आणि धाकट्या बहिणीला ‘आगाश्शी’ म्हणायचे, म्हणजे जुन्या काळी नोकरांनी मालकाच्या मुलामुलींसाठी वापरलेलेच शब्द. नवऱ्याने मात्र मेहुण्याला ‘छोनाम’ आणि धाकट्या मेहुणीला ‘छोजे’ म्हटले की पुरे, त्यात आदराचा प्रत्यय नाही. सासरच्या घराला आदरार्थी ‘शिदेक’, तर बायकोच्या माहेराला साधे ‘छोगा’. या विषमतेविरुद्ध स्त्रियांनी आवाज उठवल्यावर राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने 2020 मध्ये संबोधनांची नवी मार्गदर्शिका काढली आणि दीर-नणंदांना नावापुढे ‘श्शी’ हा आदराचा प्रत्यय लावून हाक मारण्यास हरकत नसल्याचे सांगितले.