ससाणा घरट्यात कसा परततो?

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा. अंतर, विस्थापन, वेग हे सगळं त्यात एका दमात उरकतं आणि न्यूटनने ते एका बैठकीत लिहून ठेवलं असावं, असं वाटून जातं. पण सापेक्ष गतीचा, म्हणजे कुठून पाहिलं तर काय हलताना दिसतं याचा वाद पेटला तो पृथ्वी फिरते का यावरून, तोही न्यूटनच्या हजारेक वर्षं आधी, आपल्याकडे.

आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास नावेचा दाखला दिला. नाव पुढे जाते तेव्हा आत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरताना दिसतात. तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराला हे पटलं नाही. पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात झेपावलेले ससाणे आपल्या घरट्यात परततील कसे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. नावेच्या दाखल्यातून दिसण्याचा उलगडा होतो, पक्षी मागे का पडत नाही याचा होत नाही. पुढे ब्रह्मगुप्तानेही आर्यभटावर टीका केली, तर काही टीकाकारांनी चक्क त्या श्लोकाचा अर्थच फिरवला.

उत्तर मिळालं युरोपात, आणि तेही जहाजावरच. संथ चालीच्या जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरं नेहमीसारखीच उडतात, जहाज चालू आहे की उभं हे आतून कळत नाही, असं गॅलिलिओने १६३२ साली लिहिलं. १६४० मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ गासेंदीने फ्रान्समधल्या मार्सेय बंदराजवळ वेगाने वल्हवलेल्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडायला लावले. ते मागे न पडता थेट डोलकाठीच्या बुंध्याशी पडले. सुटताना जहाजाचा वेग दगडात होताच. ससाण्याचं आणि भोवतालच्या हवेचंही तसंच, त्यांच्यात पृथ्वीचा वेग असतोच.

विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर दिशेसकट, हेही असंच ‘कुठून पाहता’ यावर ठरतं. विषुववृत्तावर नुसता उभा असलेला माणूस पृथ्वीच्या एका फेरीत तिच्या केंद्राभोवती सुमारे ४०,००० किलोमीटर कापतो, आणि केंद्रापासून मोजलं तर त्याचं विस्थापन शून्य! सूर्यापासून मोजा, तेच सुमारे २५ लाख किलोमीटर भरतं.

दिशेसकट राशी लिहिण्याची सुटसुटीत रीत मात्र फार उशिरा आली. सदिश (दिशा असलेल्या) आणि अदिश (दिशा नसलेल्या) राशी हा भेद आयरिश गणिती हॅमिल्टनने १८४०च्या दशकात केला. आज वर्गात शिकवतात ती मांडणी अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्ज आणि इंग्रज शास्त्रज्ञ हेविसाइड यांची, १८८०च्या दशकातली. त्यातली गिब्जची टिपणं तर मुळात येल विद्यापीठातल्या त्याच्या विद्यार्थ्यांसाठी छापलेली होती.