पीयूसी निघाली म्हणजे पासिंग झालं असं नाही

"काय भो, पीयूसी आहे ना, मग गाडी ओकेच!" रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या भरतात तिथं, धुळ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, नंदुरबारच्या मिरची बाजारात हे वाक्य कायम कानावर पडतं. जुनी पिकअप विकत घेणाराही आधी पीयूसीची तारीख पाहतो आणि समाधानानं मान हलवतो. पण पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, आणि पासिंग, म्हणजे कागदोपत्री ज्याला योग्यता प्रमाणपत्र किंवा फिटनेस म्हणतात ते, ही दोन वेगळी तपासणी आहे. दोन्हीकडे गाडी पास किंवा नापास होते, दोन्हींना मुदत असते, आणि दोन्ही कागद आता मोबाईलवर एकाच ठिकाणी दिसतात. त्यामुळे गल्लत होते. मालवाहू गाडीच्या बाबतीत ही गल्लत महागात पडते.

पीयूसी एकच गोष्ट बघते: सायलेन्सरमधून बाहेर काय पडतं. पेट्रोल आणि सीएनजी गाडीत नळीत प्रोब घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात, असं ओळीनं काही वेळा करतात आणि धूर प्रकाश किती अडवतो ते यंत्र नोंदवतं. बीएस-४ च्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचा सरकारी दर्जा) आधीच्या डिझेल गाडीला ही मर्यादा २.४५ प्रति मीटर आहे, बीएस-४ ला १.६२. नवी गाडी नोंदणीनंतर पहिलं एक वर्ष पीयूसीतून मोकळी असते. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याहून जुन्यांची सहा महिने. ही तपासणी पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीवजा केंद्रातही होते, काही मिनिटांत. ब्रेक लागतो का, हे तिथला माणूस विचारतही नाही. त्याचं ते कामच नाही.

पासिंग गाडीचा जवळजवळ सगळा देह बघतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे प्रत्येक परिवहन वाहनाला, म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीला, ते लागतं. नव्या गाडीला पहिलं प्रमाणपत्र दोन वर्षांचं मिळतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं, त्यानंतर दरवर्षी. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची कार पंधरा वर्षं पासिंगशिवाय फिरते, हे बघून पिकअपवाल्यानं निवांत राहू नये. त्याच्या गाडीला हा हिशोब लागू नाही.

एक बारीक पण कामाचा फरक इथंच सांगतो. पीयूसी संपली तर नियम मोडला, दंड बसतो, परवान्यावरही कारवाई होऊ शकते. पासिंग संपलं तर कायद्याच्या भाषेत गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. अपघातानंतर हा फरक खऱ्या अर्थानं कळतो. पीयूसी नाही एवढ्याच कारणावर मोटार विम्याचा दावा नाकारता येत नाही, असं विमा नियामकानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. पासिंग नसेल तर मात्र विमा कंपनी वाद घालते आणि प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं लोंबकळू शकतं. एका पिकअपवर ज्याचं घर चालतं त्याला ते परवडत नाही.

आता नापास कशावरून होतात ते. पीयूसीचं सोपं आहे. गाडी काळा धूर फेकत असेल तर पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. कापसाच्या हंगामात काळ्या मातीच्या वाटांनी गाव-जिनिंग फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या खूप आधी भरतो. त्यानंतर इंजेक्टर, टर्बोचा फाटलेला होज, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). बीएस-६ गाडीत सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाम झाला असेल तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा बघूनही पुढं ढकलणारे बरेच आहेत. २०२१ पासून नापास गाडीला कारणासह नकाराची पावती मिळते. ती फेकून न देता मिस्त्रीला दाखवावी, त्याचं काम सोपं होतं.

पासिंगची यादी लांब आहे आणि माझ्या मते तिच्यातला सर्वांत गंभीर मुद्दा ब्रेक आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवर गाडी चालवून घेतली जाऊ लागली. स्वयंचलित तपासणी केंद्रात हेच काम रोलर करतात: प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात आणि डाव्या-उजव्यातला फरक सांगतात. गाडी थांबते पण एका बाजूला ओढते, हा पिकअपमधला नेहमीचा दोष. बहुतेक वेळा एका चाकाच्या व्हील सिलिंडरमधून तेल झिरपून लायनर ओला झालेला असतो, आणि गाडी उलट, म्हणजे चांगल्या बाजूला ओढली जाते. ड्रायव्हर स्टिअरिंग थोडं विरुद्ध धरून सवयीनं चालवत राहतो. सपाट रस्त्यावर निभावतं. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात किंवा शिरपूरच्या पुढं बिजासन घाटात भरल्या गाडीनं उतरताना निभावत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या धुरीला जोडलेली असते. मागचा भाग भारानं खाली बसला की व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब देतो, गाडी रिकामी असली की कमी. आता जास्त माल भरता यावा म्हणून मालक कमानीत, म्हणजे मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक-दोन पाटे वाढवतो. गाडी भरली तरी मागून उंचच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि नेमक्या भारल्या वेळी मागचा ब्रेक कमजोर पडतो. पासिंगला गाडी रिकामी नेली जाते, त्यामुळे हे तिथं पकडलं जाईलच असं नाही. म्हणून पाटे वाढवलेल्या गाडीच्या पासिंगच्या शिक्क्यावर माझा विश्वास कमी. कंपनीनं दिलेल्या कमानी ठेवा आणि माल तेवढाच भरा, याला पर्याय मला तरी माहीत नाही.

बाकीचे दोष बहुतेक डोळ्यांनी दिसणारे आहेत आणि तरीही गाड्या त्यांच्यावरच अडकतात. हेडलाइट एक वर एक खाली, मागच्या दिव्याचा बल्ब गेलेला, इंडिकेटर लागतो पण मातीनं झाकलेला. रिफ्लेक्टर टेप उन्हानं पांढरट पडून सोललेली. ती पुढं पांढरी, बाजूंना पिवळी, मागं लाल असावी लागते. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. जळगाव-भुसावळच्या उन्हात टायरच्या बाजूला भेगा पडतात, तेही बघून घ्यावं. वायपरचं रबर इथं एका उन्हाळ्यात कडक होतं आणि पावसाळा सुरू होईपर्यंत कोणाला त्याची आठवण येत नाही. स्टिअरिंगमधला खेळ, म्हणजे चाक हलण्याआधी स्टिअरिंग रिकामं फिरणं, किंगपिन किंवा टायरॉड एंड झिजल्याचं लक्षण असतं. हँडब्रेक चढावर धरतो का, हे घरीच तपासता येतं. ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर जोडलेला आणि चालू हवा. त्याची वायर काढून ठेवलेली असेल तर ते लपत नाही. पुढं लावलेला लोखंडी बुलबार आणि वाढवलेले फाळके यांवरही आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे.

केळीच्या गाड्यांबाबत खास सांगण्यासारखं म्हणजे गंज. घडांचा चीक, ओला पाला, धुण्याचं पाणी हे सगळं फळीखाली साचतं. चेसीच्या आडव्या पट्ट्या आतून खातात आणि वरून रंग नवाकोरा दिसतो. चेसी नंबर गंजानं वाचता येत नसेल तर निरीक्षक तिथंच थांबतो, कारण गाडी तीच आहे हे त्याला पटवायचं असतं. महिन्यातून एकदा फळी काढून खाली पाणी मारणं आणि वाळू देणं एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

दोन्ही कागदांचा एकमेकांशी संबंध एकाच दिशेनं आहे. पासिंगला जाताना वैध पीयूसी, विमा आणि भरलेला कर लागतो, म्हणून क्रम असा ठेवावा: आधी पीयूसी, मग दिवे-टेप-टायरची घरची पाहणी, मिस्त्रीकडून ब्रेक उघडून बघणं, आणि शेवटी परिवहनच्या पोर्टलवर फी भरून तारीख. उलट दिशेनं नातं नाही. कालच पासिंग झालेली गाडी आज काळा धूर सोडत असेल तर पीयूसीत नापास होईल, आणि आज पीयूसी मिळालेल्या गाडीला कदाचित एकाही चाकाला नीट ब्रेक नसेल.

जुनी गाडी घेणाऱ्यानं म्हणून विकणाऱ्याला पीयूसीऐवजी पहिला प्रश्न विचारावा: फिटनेस कधीपर्यंत आहे? ती तारीख नोंदणीच्या माहितीत मोबाईलवरच दिसते. ती उलटून गेली असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपयांचं जादा शुल्क केंद्रीय नियमात आहे, सात-आठ महिने उभ्या गाडीवर ते दहा हजारांच्या वर जातं. भाव ठरवताना ते धरा. आणि नापास झालीच गाडी, तर दोषांचा कागद मागून घ्या. एजंटानं तोंडी सांगितलेल्या "थोडं ब्रेकचं काम आहे" वर दुरुस्ती करू नका. कागदावर कोणतं चाक, कोणता दिवा हे लिहिलेलं असेल तर मिस्त्री तेवढंच उघडतो आणि फेरतपासणीला त्याच मुद्द्यांवर उत्तर देता येतं.