मिशनच्या सीमा आणि मंडळ्यांचा एकोपा : सातारा-सांगलीतील ख्रिस्ती सहकार्याची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचा पंथ विचारला, तर पुष्कळदा पंथाऐवजी मिशनचे नाव सांगितले जाते. कोणी मराठी मिशनचे असते, कोणी प्रेस्बिटेरियन मिशनचे, कोणी मुक्तीफौजेचे. याचे कारण सरळ आहे. येथल्या बहुतेक घराण्यांनी पंथ निवडला नव्हता. पणजोबांच्या गावी ज्या मिशनचा बंगला किंवा शाळा होती, त्या मिशनचा पंथ त्या घराकडे आला. आज नाताळची संयुक्त मिरवणूक निघते किंवा पुराच्या काळात निरनिराळ्या चर्चची माणसे एका ठिकाणी धान्य बांधायला बसतात, तेव्हा ते काही नवे घडते आहे असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात या सहकार्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात पंथांना एकत्र आणण्यापासून न होता, त्यांनी एकमेकांपासून अंतर राखून राहावे या करारापासून झाली.

‘अमेरिकन बोर्ड’ या अमेरिकेतील मिशनरी संस्थेचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांचे मिशन पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखले गेले. १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र झाले, आणि १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाल्यावर लवकरच साताऱ्यातही त्याचे ठाणे आले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते. म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी (एका चर्चचा सभासदवर्ग) स्वतःचा कारभार स्वतः पाहील आणि तिच्यावर बिशप नसेल, अशी त्याची धारणा होती. वाईचे विलिस पीअर्स रुग्णालय हे याच मिशनचे काम.

दक्षिणेची कथा वेगळी आहे आणि तिच्या मुळाशी भांडण आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन बोर्डाचेच मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात गेले. दोन-तीन वर्षांतच बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, आणि मिशनने शाळांवर किती भर द्यावा यावरून मतभेद विकोपाला गेले. शिक्षणाचा आग्रह धरणारे वाइल्डर बोर्डाबाहेर पडले, काही वर्षे त्यांनी स्वतःच्या बळावर कोल्हापूरचे काम चालवले आणि १८७० मध्ये ते अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन (म्हणजे निवडलेल्या वडिलांच्या सभांमार्फत कारभार पाहणाऱ्या पंथाच्या) बोर्डाकडे सोपवले. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातील जुन्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन झाल्या त्या अशा. धर्मशास्त्राच्या वादाचा त्यात फारसा भाग नव्हता, आणि ही गोष्ट पुढच्या इतिहासात महत्त्वाची ठरली, कारण जे अपघाताने वेगळे झाले होते त्यांना एकत्र येणे तुलनेने सोपे गेले.

या वाइल्डर घराण्याचा आणखी एक धागा येथे सांगितला पाहिजे. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरात १८६३ मध्ये जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरातून जी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, तिच्या प्रवर्तकांपैकी तो एक होता. त्याच शिबिरात मिशन कार्याला वाहून घेण्याचे वचन देणाऱ्या शंभर तरुणांत जॉन मॉट होते, आणि हेच मॉट १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेचे अध्यक्ष झाले. आधुनिक ख्रिस्ती ऐक्य चळवळीचा आरंभ बहुतेक अभ्यासक या परिषदेपासून धरतात. पंचगंगेकाठच्या एका मिशन बंगल्यातून त्या परिषदेपर्यंत असा मार्ग जातो, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही.

एकोणिसाव्या शतकात मिशनांमध्ये सलोख्याचा एक अलिखित, पुढे बराचसा लिखित, नियम रूढ झाला : एका मिशनने जेथे काम सुरू केले आहे तेथे दुसऱ्याने जाऊ नये, दुसऱ्याच्या मंडळीतील सभासद ओढू नयेत, शिस्तभंगासाठी काढलेल्या उपदेशकाला विचारपूस केल्याशिवाय नोकरी देऊ नये. नियम सर्वांनी पाळला असे नाही. इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन पंथाचे, एस.पी.जी. हे मिशन १८७३ मध्ये अहमदनगरला आले, तेव्हा अमेरिकन मराठी मिशनला ती सरळ घुसखोरी वाटली आणि त्या कटुतेचे पडसाद पुढे दीर्घकाळ उमटत राहिले. दक्षिण महाराष्ट्रात मात्र ढोबळमानाने वाटणी टिकली. उत्तरेकडे ब्रिटिश सातारा काँग्रिगेशनल, दक्षिणेकडची संस्थाने प्रेस्बिटेरियन. रेषा काटेकोर नव्हती; इस्लामपूर ब्रिटिश मुलखात असूनही तेथे प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे होते. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या वेळी सरकारने आखलेली हद्द आणि मिशनांची जुनी हद्द एकमेकींशी जुळत नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

या वाटणीचा दोषही सांगितला पाहिजे. ती मिशनऱ्यांनी आपापसांत केलेली व्यवस्था होती. साताऱ्याचा ख्रिस्ती माणूस मिरजेला नोकरीसाठी गेला की त्याचा पंथ बदले, आणि त्याबद्दल त्याचे मत कोणी विचारत नसे. पण त्यातूनच एक सवयही लागली : पत्र घेऊन दुसऱ्या मंडळीत दाखल व्हायचे, तेथील पाळकाला आपला मानायचे. आजही सभासदत्वाचे दाखलापत्र एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत नेले जाते.

प्रत्यक्ष सहकार्याचे सर्वांत ठळक उदाहरण मिरजेचे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले. सांगलीतल्या छोट्या दवाखान्यापासून सुरुवात करून १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. जागा मिरज संस्थानाने दिली होती. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे पुण्यापासून बेळगावच्या पुढपर्यंतचे रुग्ण गाडीने तेथे पोहोचत. लोकांच्या तोंडी ते कायम ‘मिशन हॉस्पिटल’च राहिले. क्षयरुग्णांसाठी सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर आरोग्यधाम उभे राहिले, त्या भागाला वानलेसवाडी हे नाव पडले. कुष्ठरुग्णांसाठी मिरजेत वेगळे रुग्णालय झाले. १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

ऐक्याच्या दृष्टीने यातील शस्त्रक्रियांपेक्षा शाळा महत्त्वाची होती. मिरजेच्या वैद्यकीय शाळेत केवळ प्रेस्बिटेरियन मुले शिकत नव्हती. इतर मिशनेही आपले तरुण तेथे पाठवत, कारण प्रत्येक मिशनला स्वतःची वैद्यकीय शाळा काढणे परवडणारे नव्हते. परिचारिकांच्या शिक्षणाचेही तेच. वेगवेगळ्या मिशन रुग्णालयांनी मिळून परीक्षा मंडळे नेमली, म्हणजे वाईत शिकलेल्या परिचारिकेचे प्रमाणपत्र मिरजेत चालावे. वसतिगृहातल्या एका खोलीत काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन घरांतल्या मुली राहत, सकाळची भक्ती एकत्र करत, आणि पुढे आपापल्या गावी नोकरीला जात. पुढच्या काळात केरळातून आलेल्या परिचारिकांबरोबर मार थोमा, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक कुटुंबेही या परिसरात स्थिरावली. एखाद्या ऐक्य परिषदेच्या ठरावाने जे साधले नसते, ते ड्यूटीच्या वेळापत्रकाने साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

साताऱ्याने याच्या उलट बाजूने प्रयोग पाहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, त्याला मिशनचा पगार आणि परदेशी पंथाचे नाव नसावे, अशी त्यांची कल्पना होती. पंथांमधली दरी बुजवण्यापेक्षा पंथ या गोष्टीलाच वळसा घालण्याचा तो विचार होता. मे १९१९ मध्ये टिळक मुंबईत वारले आणि दरबार संस्था म्हणून फार काळ टिकला नाही. टिकली ती त्यांची भजने. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या ज्या ‘उपासना संगीता’तून गातात, त्यात टिळकांची पदे आहेत, आणि अभंग-ओवीच्या चालीवरचे ते गाणे काँग्रिगेशनल आहे की अँग्लिकन, हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. संयुक्त उपासनेत प्रवचन कोणी करायचे यावर कदाचित मतभेद होतील, गीते कोणती म्हणायची यावर सहसा होत नाहीत.

संघटनात्मक ऐक्याचा इतिहास त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. एडिंबरोच्या परिषदेनंतर १९१४ मध्ये राष्ट्रीय मिशनरी कौन्सिल स्थापन झाले. १९२३ मध्ये त्याचे राष्ट्रीय ख्रिस्ती कौन्सिल झाले आणि त्यात भारतीय मंडळ्यांना अधिक स्थान मिळाले. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ बनले, म्हणजे सातारा आणि सांगली कागदावर तरी एका चर्चमध्ये आली. दोघांकडेही बिशप नव्हते आणि दोघेही बालकांना बाप्तिस्मा देत, त्यामुळे हे पाऊल सोपे होते. अँग्लिकन आणि बाप्टिस्टांबरोबर एकत्र येणे अवघड होते. त्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली, तेव्हा सहा चर्च त्यात सामील झाली. नव्या चर्चने बिशपपद स्वीकारले, तसेच बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासाचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य केल्या. चर्चेत सहभागी असलेले अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले.

एकत्रीकरणाने सर्व प्रश्न सुटले नाहीत, काही नवे निर्माण झाले. जुन्या मिशनांच्या जमिनी, बंगले, शाळा आणि रुग्णालये १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली वेगवेगळ्या न्यासांच्या नावावर नोंदलेली होती. चर्चने विलीन होण्याचा ठराव केला म्हणून न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही, त्यासाठी कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते, असे नव्या चर्चमध्ये सामील झालेल्या गुजरातमधील ब्रदरेन चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. हाच कायदा महाराष्ट्रातही लागू असल्यामुळे त्या निकालाकडे येथेही लक्ष होते. प्रभुभोजनाच्या मेजावर एकत्र बसलेली माणसे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात समोरासमोर उभी राहतात, हे ख्रिस्ती समाजाला अपरिचित नाही. त्यामुळे ज्यांना शेजाऱ्यांसाठी काही करायचे असते ते मालमत्तेचा विषय बाजूला ठेवूनच एकत्र येतात, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच आहे.

कॅथलिकांशी संबंध दीर्घकाळ दुरावलेले होते. पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्या आणि कॅथलिक पॅरिश एकाच शहरात असूनही एकमेकांच्या उपासनेला जात नसत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ऐक्यासंबंधीचा आदेश काढला, आणि त्यानंतर १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य प्रार्थना सप्ताहात फादर आणि पाळक एका व्यासपीठावर दिसू लागले. दुष्काळाने हे नाते कामाच्या पातळीवर आणले. १९६६ मध्ये प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक मदत संस्थांनी मिळून ‘अफप्रो’ ही संस्था काढली, तिचा भर पाणी आणि शेतीवर होता. मराठवाड्यात जालन्याच्या स्कॉटिश मिशनने त्याच सुमारास खडकात विंधन विहिरी घेण्याची यंत्रे आणली होती. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांची जी अवस्था झाली ती पाहता, विहिरीवर कोणत्या चर्चची पाटी आहे हा प्रश्न कोणाला सुचणेच शक्य नव्हते.

आणखी एका विषयावर दोन्ही बाजू एकत्र आल्या. येथील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजातून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढे शीख आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. १० ऑगस्ट हा त्या आदेशाचा दिवस कॅथलिक बिशप परिषद आणि राष्ट्रीय ख्रिस्ती कौन्सिल मिळून काळा दिवस म्हणून पाळतात. येथे मात्र एक अडचण आहे : मंडळ्यांच्या आतही जुन्या जातींच्या रेषा पूर्ण पुसलेल्या नाहीत, आणि लग्नसंबंधांच्या वेळी त्या पंथापेक्षा ठळक दिसतात.

स्त्रियांचे काम यात नेहमीच कमी नोंदले गेले आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी पाळला जाणारा जागतिक प्रार्थना दिन १९२७ पासून चालू आहे. त्या दिवशी महिला मंडळे आळीपाळीने एकमेकींच्या चर्चमध्ये जमतात, एका देशातील स्त्रियांनी तयार केलेली उपासना मराठीत वाचतात आणि अर्पण गोळा करतात. पाळकांची संयुक्त बैठक जेथे वर्षानुवर्षे होत नाही तेथेही हा दिवस चुकत नाही, आणि आजारी, विधवा, शिक्षण सुटलेली मुले यांची माहिती एका मंडळीतून दुसरीकडे पोहोचते ती बहुधा या बायकांमार्फतच.

सांगलीत कृष्णेच्या पुराने या जाळ्याची परीक्षा वारंवार घेतली आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. अशा वेळी उंचावर असलेली चर्चची सभागृहे, शाळांचे वर्ग आणि वसतिगृहे हीच सर्वांत उपयोगाची मालमत्ता ठरते, आणि तेथे येणारा पूरग्रस्त ख्रिस्ती असायलाच हवा असे नसते. गेल्या दोन-तीन दशकांत वाढलेल्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्यांकडे स्वतःच्या इमारती कमी आणि तरुण हात अधिक, तर जुन्या मंडळ्यांकडे इमारती आहेत पण रविवारी समोरच्या बाकांवर बहुतेक पिकलेले केस. त्यांचे परस्परांविषयीचे संशय खरे आहेत : एकाला दुसरा सभासद पळवणारा वाटतो, दुसऱ्याला पहिला निर्जीव वाटतो. एकोणिसाव्या शतकातला मिशनांचा सलोख्याचा नियम याच तक्रारीतून जन्मला होता. फरक इतकाच की आता कोणाला तालुके वाटून देता येत नाहीत.

म्हणून आज सहकार्य टिकते ते ठरलेल्या, मर्यादित कामांवर. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) संयुक्त उपासनेत वधस्तंभावरील सात उद्गार सात वक्त्यांना वाटून दिले जातात, प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली असते, आणि प्रभुभोजन त्या उपासनेत घेत नाहीत, कारण त्याबाबत कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट यांच्यात एकमत नाही. दफनभूमीची हद्द, कुंपण आणि अपुरी पडणारी जागा यांबाबत पालिकेकडे जायचे असेल, तर एका मंडळीच्या पत्रापेक्षा सर्व मंडळ्यांच्या सह्यांच्या पत्राला वजन असते; त्यामुळे वर्षभर एकमेकांकडे न फिरकणारे पाळकही त्या कागदावर सही करतात.