गूळ खाल्ला की फुप्फुसातली धूळ निघते?

‘बांधकामावरून आल्यावर गुळाचा खडा खा, फुप्फुसातली सिमेंटची धूळ धुऊन निघते’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कोल्हापुरात तो पटकन पटतो, गूळ आपलाच. शिवाय खाल्ल्यावर घशाला खरंच बरं वाटतं.

पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. नाकात, घशात अडकलेली जाड धूळ शिंकेतून, बेडक्यातून शरीर स्वतःच बाहेर टाकतं. खरा त्रास डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा. वाळू, ग्रॅनाइट, फरशी, काँक्रीट यांत सिलिका (एक खनिज) असते. ग्राइंडर कोरडा चालवला की ती बारीक होऊन खोल जाते आणि फुप्फुसात व्रण पडतात. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. लक्षणं दिसायला बहुधा दहा वर्षं किंवा जास्त लागतात, म्हणून विशीतल्या पोराला ‘मला काय होतंय’ वाटणं साहजिक आहे. धूळ फार असेल तर मात्र आजार लवकरही गाठतो.

पडताळा साइटवरच घेता येतो. एक फरशी कोरडी कापा, दुसरी पात्यावर पाण्याची धार सोडून. उन्हाच्या तिरपेत बघा, ढग कुठं उठतो. (वायर, प्लग मात्र ओल्यापासून लांब, आणि मशीन पाण्यासह वापरण्याजोगंच हवं.) रुमालातून बारीक कण आरपार जातात; एन-९५ मास्क घ्या. तो लावून दोन्ही तळवे मास्कवर धरा, जोरात श्वास सोडा. कडेनं वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असेल तर बहुतेक बसतच नाही.

गूळ खा की, आवडत असेल तर.