५०० हॉर्सपॉवरला ब्लॉक फुटतोच का?

"सुपरचार्जर लावून ५०० हॉर्सपॉवर ओलांडली की कारखान्यातून आलेला व्ही-८ चा ब्लॉक चिरतो," हा ड्रॅग रेसिंगमधला जुना समज नागपूरच्या गॅरेजांमध्येही फॉरवर्ड होऊन पोहोचतो. (ब्लॉक म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा, व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन आणि सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप.) हा समज निराधार नाही, कारण पातळ ओतकामाचे काही ब्लॉक त्या आसपास खरोखर फुटले आहेत. चूक आहे ती एकच आकडा सर्वांना लावण्यात.

ब्लॉकला हॉर्सपॉवर जाणवत नाही, सिलिंडरमधला दाब जाणवतो. ५०० हॉर्सपॉवर ५,००० आरपीएमला काढायची तर सुमारे ७१२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर, जो सिलिंडरमधल्या दाबातूनच येतो) लागतो, ७,००० आरपीएमला मात्र सुमारे ५०९ पुरतो. म्हणजे शक्ती तेवढीच राहूनही प्रत्येक स्फोटाचा सरासरी दाब बराच उतरतो. (वाढत्या वेगाबरोबर कनेक्टिंग रॉडवरचा ताण वाढतो, हे वेगळे.) शिवाय पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर स्वतःच क्रँककडून (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याकडून) शक्ती घेतो आणि ती डायनोच्या, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यात दिसत नाही, पण तिचा भार ब्लॉक सोसतोच.

खरा घातक प्रकार डिटोनेशनचा, म्हणजे सिलिंडरमधले इंधन-हवेचे मिश्रण अनियंत्रितपणे एकदम पेटण्याचा. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, आत जाणारी हवा आधीच तापलेली असते आणि हा धोका वाढतो.

पडताळणी अवघड नाही. डायनोच्या आलेखात टॉर्कची रेषा आधी पाहावी, सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासोनिक गेजने मोजून घ्यावी आणि इंजिन उघडल्यावर मेन कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारे तुकडे) बसण्याच्या जागी घासल्याच्या खुणा आहेत का, हे तपासावे.